टेबलावरचा घडा आणि अजिंठ्याची भिंत

मराठवाड्यातली आठवी-नववीची मुले चित्रकला शिकतात ती बहुतेक ठिकाणी इलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षांच्या निमित्ताने. वस्तुचित्र, स्थिरचित्र, स्मरणचित्र (आठवणीतून काढलेला प्रसंग), संकल्पचित्र (नक्षीची रचना), भूमिती, अक्षरलेखन. शाळा परभणीची असो की उदगीरची, विषय तेच. ते इतके अंगवळणी पडले आहेत की कुणीतरी, कधीतरी, एका ठरावीक कामासाठी ते आखले होते, हे ध्यानातच येत नाही. आणि ते काम चित्रकार घडवण्याचे नव्हते.

मुंबईत 1857 साली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून कलाशाळेचे वर्ग सुरू झाले. तिथला अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टन इथल्या सरकारी कलाशाळेच्या वळणाचा होता. कारखानदारीच्या इंग्लंडला नक्षी बिनचूक उतरवणारे हात हवे होते. म्हणून आधी रेषा, मग भूमिती, मग समोर ठेवलेली वस्तू, मग नक्षीकाम, अशी चढण ठरली. पुढे शाळांसाठी ग्रेड परीक्षा आल्या, त्या याच चढणीवरून. टेबलावर घडा, शेजारी दोन फळे आणि मागे चुण्या पडलेले कापड, ही मांडणी आपल्याकडे पोचली ती या वाटेने. तिचे मोल मी कमी करत नाही. लंबवर्तुळ नीट बघायला आणि छाया कुठून कुठे वळते हे ओळखायला तिच्याइतकी चांगली शिकवण क्वचितच सापडेल. पण चित्रकलेची ती एक शाखा आहे, सगळी चित्रकला नव्हे.

गंमत अशी की याच काळात मुंबईची कलाशाळा शिकण्यासाठी मराठवाड्यात येत होती. अजिंठ्याची लेणी 1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. 1844 पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग 1872 पासून मुंबईच्या कलाशाळेचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यात इथे येऊ लागले. चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्या चमूत होते. 1885 पर्यंत हे काम चालले आणि त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाला लागलेल्या आगीत त्यातलाही मोठा वाटा जळाला. भिंतीवरचे रंग उठून दिसावेत म्हणून नकलाकारांनी लावलेले व्हार्निश पुढे पिवळे पडले, आणि ती इजा मूळ चित्रांनाच सोसावी लागली.

भारतीय कलाविद्यार्थ्यापुढे ठेवायला अजिंठ्याहून चांगले नमुने नाहीत, असे ग्रिफिथ्स यांचे स्पष्ट मत होते. पण त्यांचे विद्यार्थी मुंबईचे होते. लेण्यांच्या आसपासच्या गावांतली पोरे या शिक्षणात कुठेच नव्हती, कारण मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि मुंबई इलाख्याच्या शाळाखात्याची सत्ता इथे चालत नव्हती. सरकारी हायस्कुलांत शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. संस्थानाने 1914 मध्ये पुरातत्त्व खाते काढले, गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याची जपणूक आणि प्रकाशन झाले, 1920 च्या सुमारास इटलीहून जीर्णोद्धारक आले. हे काम फार मोलाचे आहे. पण ते भिंती वाचवण्याचे होते. वर्गाशी त्याची गाठ पडली नाही.

1948 मध्ये संस्थान विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि इथल्या शाळा मुंबईच्या चौकटीत बसल्या. ग्रेड परीक्षांची जुनी चढणही तिच्यासोबत आली. औरंगाबादेत पुढे शासकीय कला महाविद्यालय निघाले, त्यामुळे चित्रकला शिकायला मुंबई-पुणे गाठणे प्रत्येकाला भाग राहिले नाही. पण मधल्या शंभर वर्षांत प्रकारांची वाटणी पक्की होऊन बसली होती.

मला खुपते ती ही वाटणी. अजिंठ्याच्या चित्रकाराला स्थिरचित्र, निसर्गचित्र, व्यक्तिचित्र असे वेगळे कप्पे ठाऊक नव्हते. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकात, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेत, राजपुत्राचा रथ बाजारातून जातो. रस्त्याकडेला दुकाने आहेत, दुकानदार आहेत, भांडी आहेत. म्हणजे ‘आठवडी बाजार’ या स्मरणचित्रात मुलाकडून आपण जे मागतो ते सगळे तिथे आहे, फक्त गोष्टीत गुंफलेले. माणसांची दाटी रेषेने कशी सोडवली, कोण कोणाच्या मागे उभा आहे, हे त्या भिंतीसमोर अर्धा तास उभे राहिले तरी कळते. भारतीय परंपरेतली षडंगे, म्हणजे रूपभेद (आकारांतले वेगळेपण), प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग (रंगांचा वापर), हीसुद्धा एकाच चित्राची सहा अंगे आहेत. त्यांच्या सहा वेगळ्या प्रश्नपत्रिका होत नाहीत.

अजिंठ्यावरच सगळे थांबते असेही नाही. 1650 मध्ये औरंगाबादेत ‘रसमंजरी’ या नायक-नायिकांवरच्या संस्कृत काव्याची सचित्र पोथी रंगवली गेली. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथींची पाने आहेत, रामायण-महाभारतातले प्रसंग दाखवत गोष्ट सांगण्यासाठी काढलेली. यातले फार थोडे मुलांपर्यंत पोचते.

अलीकडे इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत जास्तीचे गुण मिळू लागले: अ ला 7, ब ला 5, क ला 3. त्यामुळे मुले वाढली, आणि पाठ केलेल्या नक्षीही वाढल्या. एकाच वर्गातल्या सगळ्यांच्या संकल्पचित्रात एकच फूल, एकच वळण. यावर उपाय त्याच पत्रिकेत करता येतो. पहिल्या लेण्याच्या छतावर कमळांतला हत्ती आहे, दुसऱ्याच्या छतावर हंसांची रांग आहे. चौकोनी जागा भरताना तिथे एकही आकार यंत्रासारखा दुसऱ्यांदा येत नाही. सहल न्यायचीच असेल तर मुलांना आधी या छतांखाली उभे करावे, वहीत पेन्सिलीने एकच चौकट उतरवून घ्यायला सांगावे आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या प्रसिद्ध चित्राकडे त्यानंतर न्यावे.