तंत्रज्ञानावर हुकूम कुणाचा? टेलिफोनपासूनची पार्श्वभूमी

कृत्रिम बुद्धिमत्तेची दिशा मूठभर कंपन्यांनी ठरवायची, की तिच्यावर जनतेचाही वचक असायचा? हा वाद टेलिफोनच्या काळापासून चालत आला आहे. अमेरिकेत एटी अँड टी ही कंपनी छोट्या टेलिफोन कंपन्या एकामागून एक गिळत चालली, तेव्हा १९१३ मध्ये सरकारच्या दबावाखाली तिला पहिली तडजोड करावी लागली. स्वतंत्र कंपन्यांना लांब पल्ल्याच्या तारांची जोडणी द्यायची आणि वेस्टर्न युनियन या तार कंपनीतला हिस्सा विकायचा, असे ठरले. मक्तेदारी मात्र टिकून राहिली.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची तारीख २४ जानेवारी १९५६ ही आहे. सरकारने १९४९ मध्ये एटी अँड टीवर भरलेला मक्तेदारीविरोधी खटला त्या दिवशी तडजोडीने मिटला. कंपनीचे तुकडे झाले नाहीत, त्यामुळे सरकारने कच खाल्ली अशी टीका झाली. पण दोन अटी दूरगामी होत्या. कंपनीने दूरसंचार सोडून दुसऱ्या धंद्यात उतरायचे नाही, ही एक. दुसरी म्हणजे तोवरची सुमारे ७,८०० पेटंटे जवळपास कुणालाही रॉयल्टी न घेता वापरू द्यायची. १९४७ मध्ये बेल लॅब्ज या कंपनीच्या संशोधन संस्थेत जन्मलेला ट्रान्झिस्टर, म्हणजे आजच्या चिपचा मूळ घटक, असा खुला झाला. या संशोधनाचा पैसा शेवटी टेलिफोनच्या बिलांतूनच आला होता, तेव्हा त्याचे फळ सर्वांना मिळणे न्याय्यच होते.

पहिल्या अटीचा परिणाम आणखी काही वर्षांनी दिसला. बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून युनिक्स ही संगणकप्रणाली घडत होती. तिचा धंदा करायला कंपनीला मनाई असल्याने ती सोर्स कोडसकट, म्हणजे प्रणालीच्या मूळ लिखित आज्ञांसकट, नाममात्र शुल्कात विद्यापीठांकडे गेली. विद्यार्थ्यांची एक पिढी तो कोड वाचत, सुधारत शिकली. दरम्यान अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या १९६८ च्या ‘कार्टरफोन’ निर्णयाने बाहेरची उपकरणे टेलिफोनच्या जाळ्याला जोडायचा हक्क मिळाला आणि संगणक फोनच्या तारेला जोडणाऱ्या मोडेमची वाट मोकळी झाली.

१ जानेवारी १९८४ रोजी कंपनीची अखेर फाळणी झाली, स्थानिक सेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली. पण त्याच तडजोडीत १९५६ चे निर्बंधही उठले. एटी अँड टी संगणकाच्या बाजारात उतरली आणि युनिक्सचे परवाने महागले. कंपनी फोडली की तंत्रज्ञान आपोआप खुले होते, असे मानणाऱ्यांनी हा भाग जरूर लक्षात घ्यावा.

इंटरनेटचा पायाही सार्वजनिक पैशांतूनच घातला गेला. इंटरनेटचे पूर्वज असलेले अर्पानेट हे संगणकांचे जाळे अमेरिकी संरक्षण खात्याचे होते. वर्ल्ड वाइड वेबची मूळ प्रणाली सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांसाठी मोफत खुली केली. बरोबर दोन वर्षांनी अमेरिकेतले सरकारी जाळे, एनएसएफनेट, बंद झाले आणि मुख्य वाहतूक खासगी कंपन्यांकडे गेली. त्या वेळी अटी घालण्याची संधी होती. ती फारशी कुणी घेतली नाही.

अलीकडे मात्र अटी घालण्याचे प्रयत्न पुन्हा दिसतात. बड्या ऑनलाइन कंपन्यांच्या मक्तेदारीला वेसण घालणारा युरोपीय संघाचा डिजिटल मार्केट्स कायदा मार्च २०२४ पासून त्यांना बंधनकारक झाला, तर कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमलात आला. त्याच्या तरतुदी मात्र टप्प्याटप्प्याने लागू होणार होत्या. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्यायालयाने गूगलने शोधसेवेत बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने आपला क्रोम ब्राउझर विकावा ही सरकारची मागणी फेटाळली, पण शोधसेवेचा काही डेटा प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश दिला. हा उपाय १९५६ च्याच जातीचा आहे: कंपनी अखंड ठेवायची आणि तिच्या कोठारातले काही इतरांना उघडे करायचे.