‘वरीलपैकी सर्व’ आणि आजीचं कमळ

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसबहिणीनं व्हॉट्सॲपवर एक प्रमाणपत्र पाठवलं. सोनेरी कड, खाली दोन सह्या, मधोमध तिचं नाव. प्रौढांना शिकवणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन कोर्स तिनं पुरा केला होता. मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. साक्षरतेच्या कामाला अंगठा शोभत नाही हे नंतर लक्षात आलं.

महिन्याभरानं साताऱ्याला तिच्याकडे गेलो तेव्हा सहज विचारलं, “कोर्समध्ये काय काय होतं गं?” ती थांबली. “चांगला होता रे. मोठ्या माणसांना लहान मुलांसारखं शिकवू नये, असं होतं. आणखी... बरंच होतं.” बारा व्हिडिओ तिनं भाजी निवडता निवडता दीडपट वेगानं पाहिले होते. प्रत्येकाच्या शेवटी पाच प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. “उत्तर येत नसलं की ‘वरीलपैकी सर्व’ दाबायचं. चुकलं तर परत दाबायचं. नापास व्हायची सोयच नव्हती.”

तिला दोष देण्यात अर्थ नाही. ‘उल्लास’ हा केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. पंधरा वर्षांवरच्या असाक्षरांना शिकवण्याचं काम त्यात स्वयंसेवक करतात, तेही विनामोबदला. ३० मे २०२५ ला, घटक राज्य दिनी, गोवा याच कार्यक्रमाखाली पूर्ण साक्षर जाहीर झाला. अशा कामाला हात लावणारी कॉलेजची पोरं, निवृत्त कारकून, गृहिणी यांना कुणी डी.एड.ला पाठवणार नाही. मोबाइलवरचं प्रशिक्षण हाच त्यांच्यासाठी जवळचा रस्ता. प्रश्न एवढाच, की व्हिडिओ पाहिल्यावर डोक्यात काय उरतं?

याचं एक झकास उत्तर २००६ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून आलं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, विषय सूर्य आणि समुद्री पाणमांजर. एका गटानं पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांत उतारा नुसता वाचला. दुसऱ्या गटानं पहिल्या फेरीत वाचला आणि उरलेल्या तिन्ही फेऱ्यांत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढा लिहिला. पुन्हा बघायला बंदी. पहिल्या गटाचं वाचन सरासरी १४ वेळा झालं, दुसऱ्याचं साडेतीनच्या आत. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं तपासलं तर पारडं फिरलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. आणि आपल्याला सगळ्यात जास्त लक्षात राहील अशी खात्री कुणाला होती? चौदा वेळा वाचणाऱ्यांना.

मला यातलं ‘का’ फार आवडतं, म्हणून जरा पाल्हाळ लावतो. रॉबर्ट आणि एलिझाबेथ बियॉर्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९९२ मध्ये असं मांडलं की आठवणीला एक नव्हे, दोन मापं असतात. एक म्हणजे ती किती मुरली आहे. दुसरं म्हणजे ती आत्ता किती हाताशी आहे. लोणच्याच्या बरण्या डोळ्यांपुढे आणा. माळ्यावरची जुनी बरणी उत्तम मुरलेली असते, पण काढायला शिडी लागते. कालच घातलेलं लोणचं ताटाशेजारी असतं, पण कच्चं. एकोणतीसचा पाढा तुमच्या आजोबांच्या माळ्यावर असतो. आज सकाळी गाडी कुठं लावली हे ताटाशेजारी असतं आणि परवा गायब होतं.

खरी गंमत दोन्ही मापांच्या नात्यात आहे. एखादी गोष्ट आठवून काढली की ती जास्त मुरते. पण किती मुरेल, हे त्या क्षणी ती किती हाताशी होती यावर ठरतं, आणि तेही उलट. हाताशी असलेली गोष्ट पुन्हा उचलून फारसं मुरत नाही. अर्धी निसटलेली गोष्ट ओढून काढली तर भरपूर मुरते. म्हणजे थोडं विसरणं हा शिकण्यातला अडथळा नसून त्याचं इंधन आहे. थोडं, कारण पार विसरलं तर ओढायला काही उरत नाही, आणि मग लगेच बरोबर उत्तर दाखवलं नाही तर फायदा हातचा जातो. व्हिडिओ पुन्हा लावला की सगळं आयतं ताटाशेजारी येतं. ओढावं लागतच नाही. वरून ‘हे तर मला येतं’ असं वाटतं, ते वेगळंच. चार पर्यायांतून उत्तर टिपणं म्हणजे ओळखणं, आणि ओळखणं आठवण्यापेक्षा बरंच स्वस्त असतं.

इथे कुणीतरी परवचा काढणार हे मला ठाऊक आहे. दिवेलागणीला पाढे, पावकी-निमकी, श्लोक, रोज, न बघता. हो, आठवून काढण्याचा तो उत्तम सराव होता. पण म्हणून ‘आपल्या पूर्वजांना मेंदूविज्ञान ठाऊक होतं’ असं नाही. त्यांना एक चालणारी सवय सापडली होती. ती का चालते हे तपासायला प्रयोगच करावे लागले. तसंच बहिणीच्या कोर्समध्ये दाखवलेल्या ‘शिकण्याच्या पिरॅमिड’चं. ‘वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के लक्षात राहतं’ वगैरे. तो एडगर डेल यांच्या नावावर खपवतात. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा एक शंकू काढला होता खरा, पण त्यात टक्केवारी नव्हती. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. एवढे गोल आकडे प्रयोगातून येत नाहीत, हे तरी शिक्षकांना खटकायला हवं.

“पण हे मोठ्या माणसांना लागू पडतं का? साठी बुद्धी नाठी,” बहीण म्हणाली. लखनौजवळच्या खेड्यांतल्या, बहुतेक तिशीच्या आसपासच्या निरक्षर बायकांनी सहा महिने देवनागरी वाचायला शिकून घेतली, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या दृष्टीशी निगडित जोडण्यांत मोजता येण्याजोगा बदल दिसला, असा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीतल्या आजींसाठी तो पुरावा नाही, मान्य. तशा एक आजी मात्र बहिणीच्या साक्षरता वर्गात समोरच होत्या.

संध्याकाळच्या वर्गात त्या पहिल्या ओळीत बसल्या. पुस्तकातल्या चित्राखालचा शब्द त्यांनी खणखणीत वाचला, “कमळ!” बहिणीनं तळहातानं चित्र झाकलं. आजी गप्प. “आत्ता तर डोळ्याम्होरं हुतं की गं!” वाचत होत्या ते चित्र, अक्षरांना अजून हात लागला नव्हता. सहीचंही तेच. नाव त्या रांगोळीसारखं सुबक काढायच्या, पण त्यातला ‘ब’ एकटा पाटीवर काढला की अनोळखी. बहिणीनं मग पुस्तक मिटायला लावलं. “आजी, ‘क’ कसा होता? बोटानं हवेत काढा.” बोट वर गेलं, अडलं, चुकीच्या बाजूला वळलं, परत आलं. बहिणीनं पाटीवर बरोबरचा ‘क’ काढून दाखवला. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडायच्या आधी तोच प्रश्न.

पुण्याला परतल्यावर मी तिच्यावरच प्रयोग केला. दर बुधवारी रात्री नऊला तिच्या कोर्सवरचा एक प्रश्न व्हॉइस नोटवर, पर्यायांशिवाय. पहिला होता, “आजीनं चुकीचं वाचलं तर आधी काय करायचं, असं तिसऱ्या व्हिडिओत सांगितलं होतं?”

दोन निळ्या खुणा आल्या. मग उत्तर, “थांब, व्हिडिओ लावून सांगते.”

“लावू नकोस.”

पाच मिनिटं ‘टायपिंग’ दिसत राहिलं. उत्तर आलं ते अर्धं चुकलेलं होतं. उरलेलं अर्धं मी लिहून पाठवलं, आणि पुढच्या बुधवारी तोच प्रश्न पुन्हा विचारला.