टाकळा, गोवा पावडर आणि द्राक्षावरची भुरी

आषाढात पाऊस बसला की पेठ-सुरगाण्याकडच्या बायका नाशिकच्या बाजारात टाकळ्याच्या जुड्या घेऊन बसतात. कोवळा पाला भाजीला. झाड जून होऊन लांब बारीक शेंगा धरल्या की शहरात त्याला कुणी विचारत नाही. गावाकडे मात्र त्याचं बी आंबट ताकात नाहीतर लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावायची रीत जुनी आहे. संस्कृतात टाकळ्याला चक्रमर्द म्हणतात, आणि दद्रुघ्नही. दद्रु म्हणजे गजकर्ण. म्हणजे उपयोग नावातच सांगून टाकलेला.

टाकळ्याच्या बियांत क्रायसोफॅनॉल नावाचं द्रव्य असतं. त्याच गोत्रातली द्रव्यं असलेली एक पिवळट पूड 19व्या शतकात मुंबईत गजकर्णावर खपत होती. तिचं नाव गोवा पावडर. ती निघायची ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातून. पोर्तुगीजांच्या वाटेनं गोव्यात उतरली, म्हणून गोव्याचं नाव चिकटलं. 1870च्या दशकात इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ती सोरायसिसवर वापरली आणि 1916 मध्ये जर्मनीत तिचा कृत्रिम भाऊ तयार झाला, डिथ्रानॉल. कातडी चुरचुरते, कपड्यांवर डाग पडतात, पण तो आजही सोरायसिसवर वापरतात.

गजकर्ण हा बुरशीचा रोग. बुरशीवरची पुढची औषधं मात्र झाडांतून आली नाहीत. ग्रिसोफुल्विन 1939 मध्ये एका बुरशीतूनच मिळालं. निस्टॅटिन 1950 मध्ये मातीतल्या जंतूपासून, आणि अँफोटेरिसिनही तसंच. याच अँफोटेरिसिनच्या कुपीसाठी 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांचे नातेवाईक दारोदार फिरत होते. बुरशीवर औषधं मुळातच मोजकी, कारण तिची पेशी आपल्या पेशीच्या जवळची. तिला मारणारं बरंचसं आपल्यालाही बाधतं. मोठा फरक तिच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉल या स्निग्ध द्रव्याचा. आपल्याकडे त्या जागी कोलेस्टेरॉल. टर्बिनाफिन आणि अ‍ॅझोल गटातली औषधं ते अर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या वाटेतच अडवतात.

आता तीच वाट बुरशीनं बदलली आहे. भारतात पसरलेल्या हट्टी गजकर्णाच्या बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे वेगळं नाव मिळालं. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर बसतं, त्यातच तिच्या कित्येक वाणांत बदल झालेला असतो. औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या स्टेरॉइडमिश्रित ट्यूबनं हे दुखणं आणखी चिघळवलं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश, आणि कडं खाली मांडीवर पसरत राहतं.

नाशिककरांनी आणखी एका गोष्टीकडे बघायला हवं, ती म्हणजे फवारणी. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत भुरी या बुरशीच्या रोगावर हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही अ‍ॅझोल गटातली औषधं मारतात. दवाखान्यातलं व्होरिकोनॅझोल याच घराण्यातलं. फुप्फुसात घर करणाऱ्या अ‍ॅस्परजिलस बुरशीत अ‍ॅझोल न जुमानण्याचा गुण शेतातल्या फवाऱ्यांमुळे वाढला, याकडे पहिल्यांदा बोट दाखवलं नेदरलँड्सच्या संशोधकांनी. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, भुरी आली की घड जातो. पण जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये काढलेल्या 19 धोकादायक बुरशींच्या यादीत अ‍ॅस्परजिलस अगदी वरच्या गटात आहे.

म्हणून पुन्हा झाडपाल्याकडे नजर वळली. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल बुरशीचं आवरण फाडतात. मला जास्त आशा वाटते ती जोडीच्या प्रयोगांची. दारुहळदीतलं बर्बेरिन आणि फ्लुकोनॅझोल हे अ‍ॅझोल एकत्र दिल्यावर, फ्लुकोनॅझोलला न जुमानणारी कॅन्डिडा ही बुरशीही प्रयोगशाळेत नमते. म्हणजे झाडाला एकट्यानं लढवायचं नाही, जुन्या औषधाला हात द्यायला लावायचं.

अडचण आहे ती मात्रेची. चांगलं औषध मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅममध्ये काम करतं. कच्च्या अर्काला बरेचदा मिलिग्रॅम लागतात, आणि तेवढं रक्तात पोहोचवणं जमत नाही. त्वचेवर लावायला थोडी मोकळीक आहे. पण तिथेही अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, पाल्याचा की बियांचा, यावर सगळं ठरतं. आषाढातला पाला आणि दिवाळीनंतरचं बी यांत द्रव्यांचं प्रमाण सारखं नसतं. बाटलीवर मात्र दोन्हींना ‘टाकळा अर्क’ एवढंच लिहिता येतं.