थेरपी सुरू करताना: पहिल्या सेशनला येण्याआधी

वेळ ठरवायला फोन करणारे बरेच जण शेवटी जरा अडखळत विचारतात, "पण तिथे येऊन मला नेमकं करायचं काय असतं?" बोलायचं असतं, हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. म्हणून हे माहितीपत्रक.

पहिला दिवस

ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी या. एक फॉर्म भरायचा असतो: चालू असलेली औषधं, जुने आजार, आधी कुठे उपचार घेतले असतील तर ते, आणि तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं त्यांचा नंबर. सोबत संमतीपत्र असतं. ते वाचूनच सही करा, वाचायला वेळ लागला तरी चालेल. बहुतेकांना एखादी प्रश्नावलीही देतो. उदासीनतेसाठी वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही त्यातली एक. तिच्यात ९ प्रश्न असतात, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, आणि बेरीज ० ते २७ च्या दरम्यान येते. नुसत्या आकड्यावरून आम्ही निदान करत नाही. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली की फरक पडतोय का ते दोघांनाही दिसतं, तिचा खरा उपयोग तो.

सेशन ५० मिनिटांचं असतं. पहिल्या वेळी प्रश्न जास्त करून आम्हीच विचारतो. त्रास काय आहे, कधीपासून आहे, आणि आत्ताच यावंसं का वाटलं? झोप, भूक, काम, घरातली माणसं, दारू-तंबाखू. स्वतःला संपवण्याचे विचार येतात का, हेही सरळ विचारतो, सगळ्यांना विचारतो. असं विचारल्याने नसलेला विचार मनात रुजत नाही. उलट ज्यांच्या मनात तो असतो, त्यांना तो एकदा मोठ्याने बोलता आला की बरंच हलकं वाटतं.

"कुठून सुरू करू तेच कळत नाहीये" इथूनही सुरुवात करता येते. रडू आलं तर येऊ द्या, गप्प बसावंसं वाटलं तर बसा. आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायलाच हवी असं मुळीच नाही. किंबहुना कुणी एका दमात सगळं सांगायला लागलं, तर कधी कधी आम्हीच थांबवतो. थेरपिस्टशी अजून धड ओळखही झालेली नसताना फार काही बोलून गेलं की घरी गेल्यावर उघडं पडल्यासारखं वाटतं, आणि मग पुढच्या वेळी पाय निघत नाही.

नोकरी सोडू का, हे नातं ठेवू का, याचा निर्णय थेरपिस्ट देणार नाही. याने काहींची निराशा होते, ते आम्हाला समजतं. तो निर्णय घेताना तुम्ही कशात अडकताय, हे शोधायला मात्र आम्ही पूर्ण वेळ सोबत असतो.

पुढे काय होतं

साधारण आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वारी, त्याच वेळी भेटतो. दोन-तीन सेशन्समध्ये काय बदलायचं आणि त्यासाठी कोणती पद्धत वापरायची हे मिळून ठरतं.

चिंता आणि नैराश्यासाठी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी) ही पद्धत खूप वापरली जाते. १९६० च्या दशकात अ‍ॅरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांनी तिचा पाया घातला. तिच्यात घरी करायचं काम असतं. समजा, तुम्ही मैत्रिणीला मेसेज केला. तिने तो वाचला, पण दोन तास उत्तर नाही. पोटात गोळा येतो, हात पुन्हा पुन्हा फोनकडे जातो. वहीत तुम्ही लिहिता. घटना: उत्तर आलं नाही. मनात आलेला विचार: "माझं काहीतरी चुकलंय, ती चिडलीय." भावना: भीती, १०० पैकी ८०. मग या विचाराच्या बाजूने माझ्याकडे काय आहे आणि विरुद्ध काय आहे, ते दोन रकान्यांत. "सगळं छान आहे" असं मनाला बजावण्याचा हा प्रकार नाही. ती खरंच चिडलेली असेल, तर तेही त्या वहीत दिसतं, आणि मग तिच्याशी बोलायचं कसं यावर काम होतं. असं काम बहुधा १२ ते २० सेशन्स चालतं. नात्यांमध्ये तेच तेच पुन्हा का घडतं, याच्या मुळाशी जाणाऱ्या पद्धतींना जास्त वेळ लागतो, कधी वर्ष, कधी त्याहून अधिक.

सुरुवातीच्या काही सेशन्सनंतर आधीपेक्षा जड वाटू शकतं. इतके दिवस टाळलेल्या गोष्टींकडे बघायला लागलो की असं होतं. सेशन संपल्यावर लगेच महत्त्वाची मीटिंग ठेवू नका, अर्धा तास मोकळा असू द्या. जडपणा आठवडेच्या आठवडे हटलाच नाही, तर मात्र गप्प राहू नका, सांगा.

औषधांबद्दल थोडं. आमचे थेरपिस्ट औषधं लिहून देत नाहीत, ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं. गरज वाटली तर त्यांच्याकडे पाठवतो. चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. थायरॉइड बिघडला किंवा रक्त कमी असलं तरी थकवा, धडधड, उदासी येते, त्यामुळे आधी तपासण्या करून घ्या असंही आम्ही सांगू.

पटलं नाही तर बोला

या पत्रकातलं एवढंच वाचलंत तरी चालेल.

एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की उपचारातलं नातं तीन गोष्टींवर उभं असतं: ध्येयावर एकमत, करायच्या कामावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. या नात्याचा उपचाराच्या परिणामाशी संबंध असतो, हे नंतरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि हे नातं बिघडतं ते बहुतेक वेळा शांतपणे. थेरपिस्टचं एखादं वाक्य लागतं, दिलेला गृहपाठ निरर्थक वाटतो, पण माणूस "हो, बरोबर" म्हणून निघून जातो आणि पुढची वेळ घेत नाही.

त्याऐवजी आत या आणि म्हणा, "मागच्या वेळी तुम्ही माझ्या वडिलांची बाजू घेतलीत असं मला वाटलं. आठवडाभर ते डोक्यात आहे." थेरपिस्टला याचा राग येता कामा नये. चूक असेल तर त्यांनी ती मान्य करावी, गैरसमज असेल तर तो उलगडावा. ज्यांनी आयुष्यभर नाराजी गिळली आहे, त्यांच्यासाठी ही पंधरा मिनिटं कित्येक सेशन्सच्या मोलाची ठरतात. आणि तरीही जुळलं नाही, तर दुसरे थेरपिस्ट मागा. त्यात कुणाचा अपमान नाही.

गोपनीयता

तुमच्या घरून फोन आला, तर तुम्ही इथे येता की नाही हेसुद्धा आम्ही सांगत नाही. बाहेर कुठे दिसलात तर आम्ही आपणहून ओळख दाखवणार नाही, तुम्ही हसलात तर हसू. थेरपिस्ट आपल्या वरिष्ठांशी कामाची चर्चा करतात, पण तुमची ओळख पटेल असं काही न सांगता. अपवाद मोजके आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलावर होणारा अत्याचार, न्यायालयाचा आदेश. अशा वेळीही शक्य असेल तर आधी तुमच्याशी बोलतो.

थेरपिस्ट तुमच्याशी मैत्री, पैशांचे व्यवहार किंवा शारीरिक संबंध ठेवू शकत नाही. कुणीही, कुठेही ही मर्यादा ओलांडली, तर दोष तुमचा नाही. तक्रार करा.

काही व्यवहाराच्या गोष्टी

फी पहिल्या फोनवरच सांगतो. वेळ रद्द करायची असेल तर २४ तास आधी कळवा. ऑनलाइन सेशनसाठी दार बंद करता येईल अशी खोली आणि हेडफोन हवेत. थांबायचं ठरलं, तर एकदम येणं बंद करण्याऐवजी एक-दोन सेशन्स त्यासाठी ठेवा: काय बदललं, काय राहिलं, त्रास परत डोकावला तर पहिली खूण कोणती असेल, हे त्यात बोलून घेतो.

दोन सेशन्सच्या मध्ये स्वतःला इजा करण्याचे विचार बळावले, तर पुढच्या वेळेची वाट पाहू नका. आमचा फोन चोवीस तास सुरू नसतो. जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका, आणि रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा किंवा हेल्पलाइनला फोन करा. हे नंबर पहिल्याच सेशनमध्ये तुमच्या फोनमध्ये सेव्ह करून घेतो.