सिलिंडरला गोधडी घालू नका

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चाकांवरचे घर, घेऊन हिंडायला निघणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो. थंडी पडली की प्रोपेनच्या सिलिंडरभोवती जाड ब्लँकेट गुंडाळा, म्हणजे गॅस जास्त पुरेल. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण परिणाम नेमका उलटा होतो. तो का, हे कळले की ‘गॅस किती दिवस पुरेल’ या प्रश्नाचेही निम्मे उत्तर मिळते.

उरलेले निम्मे उत्तर साध्या गुणाकाराचे आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातला मॅडिसन हा गाड्यांचा तळ घ्या. उंची दोन हजार मीटरच्या वर, गाडीला वीज जोडायची सोय नाही, आणि सप्टेंबरच्या अखेरीस रात्री पारा शून्याखाली जातो. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर 20 पौंडी (20 पौंड गॅस मावणारे) दोन सिलिंडर आहेत, म्हणजे एकूण 18 किलो प्रोपेन. एक किलो जाळला की साधारण 47,000 बीटीयू (उष्णता मोजायचे एकक) उष्णता मिळते. शेगडीचा एक बर्नर पूर्ण आचेवर तासाला सुमारे 150 ग्रॅम खातो. दोन वेळच्या स्वयंपाकाला 300 ग्रॅम धरा. गॅसवर चालणारा फ्रिज दिवसाला 400 ते 500 ग्रॅम घेतो. सहा गॅलनचा गीझर एकदा गार पाण्यापासून तापवायला 110 ग्रॅमच्या आसपास लागतात. आंघोळी आणि भांडी मिळून 300 ग्रॅम. सगळी बेरीज दिवसाला किलोभर. या हिशोबाने 18 किलो अडीच आठवडे चालायला हवेत.

आता फर्नेस, म्हणजे गाडी उबवणारा गॅसचा हीटर, लावा. 30,000 बीटीयूचा फर्नेस पेटलेला असताना तासाला 630 ग्रॅम जाळतो. बारा तासांच्या रात्रीत तो एक तृतीयांश वेळ पेटला, तरी चार तासांत अडीच किलो गेले. रोजचा खप साडेतीन किलोवर आला आणि अडीच आठवड्यांचे पाच दिवस झाले. चहा कमी करून काही वाचत नाही. थर्मोस्टॅट दोन अंश खाली आणला आणि छताच्या झरोक्यात उशी कोंबली, तर वाचते.

आणि बऱ्याचदा गॅसच्या आधी बॅटरीच मान टाकते. फर्नेसचा पंखा 12 व्होल्टवर सात-आठ अँपिअर ओढतो. चार तासांत 30 अँपिअर-तास गेले. 100 अँपिअर-तासांच्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मेच काढावेत. त्यामुळे दुसऱ्या रात्री पंखा मंदावतो. फर्नेसमध्ये हवेच्या झोताने ढकलली जाणारी एक पातळ पत्री असते. झोत कमी पडला की ती खटका दाबत नाही, आणि खटका दाबला गेला नाही की गॅसचा व्हॉल्व्ह उघडत नाही. माणूस अंधारात बाहेर जाऊन सिलिंडर बदलतो, आणि दोष असतो बॅटरीचा.

आता गोधडीकडे. सिलिंडरमध्ये प्रोपेन द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ. आपण वापरतो ती वाफ. वाफ काढली की द्रव उकळून तिची जागा भरतो, आणि उकळायला अप्रकट उष्मा लागतो. शून्य अंशाच्या आसपास तो किलोला सुमारे 375 किलोज्यूल. फर्नेसच्या 630 ग्रॅमला तासाला 235 किलोज्यूल, म्हणजे सतत 65 वॉट. जुन्या पिवळ्या बल्बएवढी ही उष्णता येते कुठून? आधी खुद्द द्रवातून आणि पोलादातून. त्यामुळे दोन्ही गार पडतात, माठातले पाणी गार होते त्याच नियमाने. मग बाहेरची हवा, जी आता सिलिंडरपेक्षा उबदार आहे, भिंतीतून उष्णता आत सोडते. सिलिंडरमध्ये स्वतःची ऊब नसते, तो बाहेरून ऊब घेऊन जगतो. गोधडी नेमका तोच रस्ता अडवते. विजेवर तापणारे खास पट्टे वेगळे. ते उष्णता पुरवतात, पण त्यांना वीज हवी, आणि मॅडिसनला ती नाही.

उष्णता आत येते ती मुख्यतः द्रवाने भिजलेल्या भिंतीतून. भरलेल्या सिलिंडरमध्ये ही ओली भिंत मोठी असते आणि नऊ किलो द्रव स्वतःच उष्णतेचा साठा असतो. बाहेरून काहीच आले नाही, तरी तासाभरात तापमान नऊ-दहा अंशांनीच उतरेल. पाव भाग उरल्यावर तोच खप तापमान तासाला 25 अंशांनी पाडू शकतो, आणि ओली भिंतही निम्म्याहून कमी झालेली असते. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो. द्रव त्या दिशेने उतरत गेला की दाब वातावरणाच्या दाबाजवळ येतो आणि रेग्युलेटरला पुढे ढकलायला काही उरत नाही. पहाटे चारला फर्नेस बंद पडतो तो असा, आत दोन किलो गॅस असताना. त्या वेळी टॉर्च मारून पाहा. हवेत दमटपणा असेल तर सिलिंडरवर पांढऱ्या दंवाचा पट्टा दिसतो आणि त्याची वरची कड सरळ रेषेत असते. आतल्या द्रवाची पातळी तीच.

दोन सिलिंडरांवर आपोआप बदलणारा रेग्युलेटर असेल, तर तो अशा वेळी दुसऱ्याकडे वळतो आणि आपल्या छोट्या खिडकीत लाल खूण दाखवतो. खूण दाब पडल्याची आहे, सिलिंडर रिकामा झाल्याची नाही. दुपारी ऊन लागले की ‘संपलेला’ सिलिंडर पुन्हा गॅस देतो. हिरवा-पिवळा-लाल काटा असलेले दाबमापक तर जवळजवळ निरुपयोगी. शुद्ध प्रोपेनचा बाष्पदाब तापमानावर ठरतो, पातळीवर नाही. शेवटचा पेलाभर द्रव उरेपर्यंत काटा हिरव्यातच राहील, आणि गार रात्री भरलेल्या सिलिंडरवरही घाबरवेल.

आपल्याकडच्या 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण असते. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. प्रोपेन लवकर उडतो, त्यामुळे सिलिंडर संपत आला की तळाशी ब्युटेनच जास्त उरतो आणि हिवाळ्यात ज्योत मरगळते. मग सिलिंडर हलवणे, आडवा करणे सुरू. हलवल्याने द्रव वरच्या कोमट भिंतीला लागतो आणि क्षणभर जोर येतो, इतकेच. आडवा मात्र कधीही करू नये, ना इथे ना तिथे. द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि एका लिटर द्रवाचा सुमारे 270 लिटर वायू होतो. (नळीला चुंबक लावून ‘गॅस वाचवणारी’ यंत्रे विकणारेही आहेत. प्रोपेनला त्या चुंबकाचे काही वाटत नाही.)

किती उरला हे कळायचा भरवशाचा मार्ग म्हणजे वजन. भारतात येताना 23 किलोची बॅग मोजायला घेतलेला हुकाचा काटा इथे कामी येतो. व्हॉल्व्ह बंद करा, नळी काढा, सिलिंडर वरच्या कड्याने काट्याच्या हुकाला टांगा. कड्यावर ‘टीडब्ल्यू’ असे कोरलेले असते. ते रिकामे वजन, 20 पौंडीला बहुधा 17 ते 18 पौंड. काटा 26.5 दाखवत असेल आणि कोरलेले 17 असेल, तर उरला 9.5 पौंड, म्हणजे 4.3 किलो. वरच्या हिशोबात ती एक रात्र आणि वर थोडे.

परत जोडताना व्हॉल्व्ह सावकाश उघडा. झटक्यात उघडलात तर जोडणीतले सुरक्षा यंत्र नळी फुटली असे समजून प्रवाह चिमटीत धरते. शेगडी मिणमिणते आणि फर्नेस पेटत नाही. बंद करून मिनिटभर थांबा, मग हळू उघडा आणि सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे बघा. फर्नेस रुसला म्हणून शेगडी पेटवून झोपायचे नाही. कार्बन मोनॉक्साइड आहेच, शिवाय एक किलो प्रोपेन जळताना 1.6 किलो पाण्याची वाफ होते. ती गार खिडक्यांवरून ओघळून गादीत मुरते.

गॅस घ्यायचा तर रिकामा देऊन भरलेला घेण्यापेक्षा पंपावर आपलाच भरून घ्यावा. अदलाबदलीच्या सिलिंडरमध्ये पुष्कळदा 15 पौंडच असतात. पंपावर 20 मिळतात. तिथेही टाकी 80 टक्क्यांवरच थांबवतात. द्रव प्रोपेन उन्हात पाण्यापेक्षा अनेक पट जास्त फुगतो, त्याला वर जागा लागते. पंपवाल्याने हात आखडता घेतला असे समजून त्याच्याशी वाद घालू नये.