खिशातला वॉरगेम छापून घ्यायचाय? आधी डबी, मग नकाशा

"गेम तयारच आहे, फक्त छोटा करून द्या." हे वाक्य आमच्या काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की शेवटी हा कागद छापावा लागला, सोबत घरी न्या आणि फाईल पाठवायच्या आधी एकदा वाचा. आमचं मूळ काम लग्नपत्रिका आणि औषधाच्या खोक्यांचं, संभाजीनगरात एमआयडीसीवाल्यांची खोकी पंच करता करता एका गिऱ्हाइकाच्या नादाने ही गेमची कामं सुरू झाली आणि आता आम्हालाच त्याची चटक लागलीय. वॉरगेम म्हणजे नकाशावर सोंगट्यांनी खेळायची लढाई आणि हेक्स म्हणजे त्या नकाशावरचं षटकोनी घर, हे तुम्हाला माहितीच आहे, जास्त सांगत बसत नाही.

छोटा करणं म्हणजे नेमकं काय होतं ते बघा. एथ्री (दोन एफोर एवढा) नकाशा ए-सिक्सवर (एफोरच्या चौथाईवर) आणला की प्रत्येक लांबी साधारण ३५ टक्के उरते. तुमचं १६ मिमीचं हेक्स साडेपाच मिमीचं झालं. १२ पॉइंटमधलं गावाचं नाव ४ पॉइंटवर आलं, त्यात "बुद्रुक" लिहिलेलं असलं तर उकार कुठला आणि शाईचा ठिपका कुठला कळायचं नाही. मशीनला काय, मशीन छापतं. पण बोटं तर ३५ टक्के होत नाहीत ना. साडेपाच मिमीची सोंगटी उचलायला चिमटा लागतो, आणि शेजारच्या दोन सरकल्या की भांडण ठरलेलं. तरी लोक म्हणतात, "काहून होत नाही, फोटोशॉपात तर होतंय की."

भोकरदनकडचे एक सर असेच आलते. विषय घरचा, असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसल्यांची फौज एकीकडे आणि इंग्रजांचा सेनापती वेलस्ली दुसरीकडे. सरांचा अभ्यास दांडगा, नकाशा एथ्री, सोंगट्या ९४. शिंद्यांकडे शंभराच्या आसपास तोफा होत्या म्हणून तोफांच्याच सोंगट्या भरमसाठ. फाईल बघून आम्ही म्हटलं सर, हे छापून देतो पण हे खिशात जाणार नाही, गेलं तरी बाहेर काढून कोणी खेळणार नाही. सर जरा नाराज झाले. मग चहा मागवला आणि एकच विचारलं, या लढाईत सेनापतीला निर्णय किती घ्यावे लागले?

मोजलं तर बोटावर मोजण्याइतके निघाले. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ती सगळी जागा. वेलस्लीला समोरासमोरची दोन गावं नदीच्या दोन्ही काठांवर दिसली, त्यावरून त्याने ताडलं की मधे उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची उथळ जागा, असणार, आणि तिथून नदी ओलांडून तो शिंद्यांच्या फौजेच्या बगलेवर आला. पहिला निर्णय हा. दुसरा शिंद्यांच्या पलटणींचा सेनानी पोलमन याचा, की कवायती पलटणींची अख्खी रांग वळवून नव्या दिशेला तोंड करायचं. तिसरी गोष्ट, वेलस्लीची उजवी बाजू असई गावाकडे भरकटली आणि तोफांच्या तोंडी सापडून मार खाल्ला. मग गेमला लागतं काय? दोन नद्या, उतार, गाव, रांग वळवायचा नियम आणि हुकूम चुकायची शक्यता. तोफा दोन सोंगट्यांत बसल्या, एक गावाजवळची, एक रांगेतली. सगळ्या मिळून १४ सोंगट्या झाल्या. सरांनी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की पहिल्यांदाच त्यांच्या पोराने डाव शेवटपर्यंत खेळला.

म्हणून आम्ही म्हणतो आधी डबी घ्या, नकाशाला नंतर हात लावा. खिसा कोणता तेही ठरवा, शर्टाचा की पँटचा, काहीजण तर पाठीवरच्या सॅकलाच खिसा म्हणतात. शर्टाच्या खिशाला ए-सेव्हन चांगलं, म्हणजे ७४ बाय १०५ मिमी. नकाशा ए-सिक्स, मधोमध एक घडी घातली की डबीत. नियमांचा एफोर कागद तीनदा दुमडला की तोही ए-सेव्हनच होतो. आता ए-सिक्सवर कडेला ५ मिमी सोडून १४ मिमीची हेक्स आखली तर एका ओळीत ६ आणि ओळी ११ बसतात, म्हणजे ६६ घरं. तुमचं अख्खं रणांगण एवढंच, सातवं हेक्स बसवायला आम्हाला सांगू नका. सोंगटी १२ मिमीची चौकोनी, आणि ६६ घरांत १६ च्या वर सोंगट्या घातल्या की हलायला जागा राहत नाही, कोंडी होते. १६ सोंगट्यांची १२ मिमीची डाय (कापायचा साचा) आमच्याकडे तयार आहे म्हणून त्या मापात काम असेल तर डायचे पैसे लागत नाहीत. वेगळं माप पाहिजे तर करून देऊ, फक्त डायचा खर्च तुमचा.

कमी सोंगट्यांत मजा येत नाही हा गैरसमज आहे. अमेरिकेत १९७७ साली मेटागेमिंग कंपनीने ओगर नावाचा छोटा गेम काढला, स्टीव्ह जॅक्सनचं डिझाईन, त्यात एका बाजूला अवाढव्य रणगाडा एकटा आणि समोर सगळी बारकी फौज. आपल्याकडे वाघबकरी हेच करते की, वाघ थोडे, बकऱ्या जास्त. ओट्यावर खडूने पट आखायचा आणि चिंचोके मांडायचे, डबीही लागत नाही. दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या म्हटलं की सोंगट्या दुप्पट होतात, एका बाजूचं काम वेगळं ठेवलं की भागतं.

फासा. लालपरीत किंवा रेल्वेत खेळायचं असेल तर दोन फासे टाकायला सपाट जागा कुठंय, एक सीटखाली गेला की डाव संपला. ८ मिमीचा एकच फासा पारदर्शक डबीत बंद करून देतो, हलवा आणि वाचा. किंवा १८ पत्ते करा, १ ते ६ आकडे तीन-तीनदा, आणि ओढा. एक लक्षात ठेवा, एका फाशावर पडलेल्या आकड्यात अधिक एक दिला म्हणजे सहातला एक भाग, जवळजवळ १७ टक्के. टेकडीचा एक, नदीचा एक, सेनापतीचा एक असं केलं की तीन अधिक होतात आणि अर्धा निकाल फासा टाकायच्या आधीच लागलेला असतो. दोनच्या वर नको. जखमी पलटण दाखवायला सोंगटी उलटी करा, मागच्या बाजूला कमी आकडा छापू. काहीजण चार बाजूंना चार आकडे देऊन सोंगटी फिरवतात, टेबलावर ठीक आहे पण गाडीने गचका दिला की मेलेली पलटण जिवंत होते.

सोंगटीवर योद्ध्याचा फोटो टाकू नका, १२ मिमीत तो डाग दिसतो. चौकोनात फुली म्हणजे पायदळ, एकच तिरपी रेघ म्हणजे घोडदळ, ही खूण जगभर चालते. आणि दोन बाजू नुसत्या लाल-हिरव्या ठेवू नका, बऱ्याच जणांना ते दोन रंग सारखेच दिसतात.

आता आम्ही फाईल आली की लगेच छापत का नाही, यावरून काही लोक चिडतात म्हणून सांगतो. आम्ही आधी विचारतो की हा डाव कागदाच्या चिटोऱ्यांवर खेळलाय का, किती वेळा, आणि तुम्ही सोडून दुसऱ्या कोणी नियम वाचून खेळलाय का. चिंचोके घ्या, हरभरे घ्या (ज्वारी नको, पंख्याने उडते), वहीच्या पानावर आखा आणि पाच डाव खेळा. घाईत छापून शंभर प्रती दिल्यावर नियमातली चूक सापडली तर शंभर चिकटपट्ट्या लावायला परत आमच्याकडेच येता, आमचा दिवस जातो आणि तुमचे पैसे.

फाईलचं थोडक्यात: सीएमवायके (छपाईचे चार रंग), ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), कोरलमधे फॉन्ट कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे आकार करून). मराठी नियम ८ पॉइंटच्या खाली नको. नकाशाला ३०० जीएसएमचं जाड कार्ड, घडीवर क्रिझिंग करतो (घडी नीट बसावी म्हणून दाबून रेघ मारतो), आणि घडीच्या रेषेवर गाव किंवा किल्ला ठेवू नका, तिथली शाई सगळ्यात आधी उडते.

पहिलं सॅम्पल एक नग आम्ही आमच्या खर्चाने काढून देतो, ते खिशात घालून आठ दिवस फिरा, मगच ऑर्डर द्या. लग्नसराईत मशीन पत्रिकांवर असते, एप्रिल-मे मधे जास्त दिवस धरा. दुपारी दोन ते चार दुकान बंद, बाकी वेळेला या, आणि येताना डबी घेऊन या.