परिबल

एखाद्या बिंदूभोवती किंवा अक्षाभोवती वस्तू फिरविण्याची बलाची क्षमता म्हणजे परिबल होय. बलाचे मूल्य आणि अक्षापासून त्या बलाच्या क्रियारेषेचे लंबांतर यांच्या गुणाकाराने ते मोजतात आणि न्यूटन-मीटर या एककात मांडतात. ऊर्जेचेही परिमाण हेच असले, तरी परिबल ज्यूलमध्ये सांगत नाहीत, कारण येथील अंतर बलाच्या दिशेने नव्हे, तर तिला काटकोनात घेतलेले असते.

या संकल्पनेचे मूळ तराजूत आहे. असमान वजने टेकूपासूनच्या अंतरांच्या व्यस्त प्रमाणात ठेवल्यास तोल साधतो, हे आर्किमिडीजने इ.स.पू. तिसऱ्या शतकात सिद्ध केले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तागडीची दांडी आडवी स्थिरावलेली असताना एका पारड्यात आणखी मूठभर सुकी मिरची पडली, की दांडी लगेच कलते. असा कल देणाऱ्या अल्पशा भाराला लॅटिनमध्ये ‘मोमेंटुम’ म्हणत, आणि काळाचा अल्पसा अंश, म्हणजे क्षण, हाही त्याच शब्दाचा अर्थ होता. 1565 मध्ये इटालियन गणिती फेदेरिको कोमांदीनो याने ज्याच्या सर्व बाजूंना समान ‘मोमेंटुम’चे, म्हणजेच परिबलाचे, भाग असतात तो बिंदू, अशी घनाकृतीच्या गुरुत्वमध्याची व्याख्या केली. पुढे गॅलिलिओने वजन व अंतर यांच्या एकत्रित परिणामासाठी हाच शब्द योजला. मराठीतील ‘परि’ हा उपसर्ग भोवती फिरणे नेमके दाखवितो. तराजूची आठवण मात्र त्यात उरलेली नाही.

राशीला अंतराऐवजी अंतराच्या वर्गाने गुणल्यास द्वितीय परिबल मिळते. वस्तुमानाचे असे परिबल म्हणजे जडत्वाचे परिबल; वस्तू आपल्या फिरण्यातील बदलाला किती विरोध करते, हे ते दाखविते. त्याची पद्धतशीर मांडणी स्विस गणिती ऑयलरने 1765 मध्ये केली.

गोव्यातील खाजन शेतीच्या, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या सखल शेतीच्या, बांधांत ‘मानस’, म्हणजे पाण्याची ये-जा आवरणारी दाराची मोरी, असते. तिचे दार वरच्या कडेला टांगलेले असेल, तर भरतीचे पाणी ते चौकटीवर दाबून धरते आणि ओहोटीला शेतातील पाण्याचे परिबल वरचढ होऊन ते बाहेर उघडते. एक मीटर उंच व तितक्याच रुंद दारावर, पाणी एकाच बाजूला वरच्या कडेपर्यंत असल्यास, सुमारे 5,000 न्यूटन बल पडते. दाब तळाकडे वाढत जात असल्याने हे बल मध्यावर नव्हे, तर बिजागरीपासून दोनतृतीयांश उंचीइतके खाली लागते, म्हणून परिबल सुमारे 3,300 न्यूटन-मीटर भरते. त्याच रुंदीच्या दाराची उंची दुप्पट केल्यास बल चौपट आणि अंतर दुप्पट होऊन परिबल आठपट होते; उंच दाराच्या बिजागरीला व चौकटीला भक्कम लाकूड लागते ते यामुळेच.